उत्तरांची पाने

2023 च्या जून महिन्यात, शाळा सुरू होण्याच्या आदल्या रविवारी, मी माझ्या मुलाच्या तीन मार्गदर्शक पुस्तकांच्या शेवटची पाने ब्लेडने कापून काढली, त्यांना दोरा बांधला आणि स्वयंपाकघराच्या फळीवर डाळींच्या डब्यांमागे ठेवून दिली. ती उत्तरसूचीची पाने होती. मुलगा तेव्हा पाचवीत जाणार होता, त्याला दहा वर्षे पूर्ण व्हायला दोन महिने होते, आणि पुढच्या जानेवारीत त्याने सैनिक स्कूलच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला बसायचे असे आम्ही ठरवले होते. आम्ही म्हणजे मी आणि माझे पती. मुलाला विचारले होते. पण ज्या रीतीने विचारले होते, त्या रीतीने विचारल्यावर त्या वयाचे मूल ‘हो’ याखेरीज दुसरे काही म्हणू शकत नाही, हे मला आता कळते.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. राहायला साताऱ्यात गोडोलीला आणि नोकरीला कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात, असे माझे गेली अनेक वर्षे चालले आहे. मुलांच्या मागे लागणे हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. आमच्याकडे शिक्षण परिषद भरली की ‘शिष्यवृत्तीला तुमच्या शाळेचे किती?’ हा प्रश्न ठरलेला असतो, आणि ही परीक्षा पाचवीला होती तेव्हा त्या आकड्यासाठी पाचवीचे शिक्षक सकाळी नऊपासून जादा तास घेत, रविवारी सराव परीक्षा घेत, मुलांना घरी जाऊन उठवून आणत. हे सारे मी केले आहे आणि त्याबद्दल मला खंत नाही. दसऱ्यानंतर आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. शिवाराच्या कडेला पालांमध्ये राहणारी त्यांची मुले शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात नोंदवताना, ज्याच्या मागे कोणीच लागत नाही त्या मुलाचे काय होते, ते मी दर वर्षी जवळून पाहते. त्यामुळे ‘मुलांना मोकळे सोडा, ती आपोआप फुलतील’ असे कोणी सहज म्हणाले की मला आजही राग येतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जात असे. त्या मुलीच्या मागे मी दोन वर्षे हात धुऊन लागले होते. तिला खावलीच्या जवाहर नवोदय विद्यालयात प्रवेश मिळाला, तेव्हा तिच्या आईने माझ्या हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी दिली. मागे लागण्याचे मोल मला त्या पिशवीने शिकवले, असे मी तेव्हा मानत होते.

सैनिक स्कूलच का, हे सातारच्या माणसाला सांगावे लागत नाही. देशातले पहिले सैनिक स्कूल 23 जून 1961 रोजी इथे सुरू झाले. सदर बझारमधून जाताना त्याचे आवार दिसते आणि शाळेच्या गणवेशातली मुले रांगेत चालताना दिसली की गाडीचा वेग नकळत कमी होतो. माझे माहेर सातारा तालुक्यातले आहे. अपशिंगे मिलिटरी हे गाव आमच्यापासून लांब नाही; घराघरांतून सैन्यात माणूस दिल्यामुळे ज्या गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडले गेले, त्या गावाच्या पंचक्रोशीत वाढलेल्या मुलीला गणवेशाची ओढ वेगळी शिकवावी लागत नाही. माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले. सैनिक स्कूलचे माजी विद्यार्थी कर्नल संतोष महाडिक यांना नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात वीरमरण आले, तेव्हा पोगरवाडीला जमलेल्या गर्दीत माझे वडीलही उभे होते; आणि पुढे त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या, ती बातमी वडिलांनी मला दूरध्वनीवरून दोन वेळा वाचून दाखवली होती. नातू त्या शाळेत जावा ही त्यांची इच्छा होती, आणि ती कधी माझी झाली, हे मला सांगता येणार नाही.

परीक्षेचे स्वरूप ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सहावीच्या प्रवेशासाठी 300 गुणांची एकच प्रश्नपत्रिका असते आणि वेळ 150 मिनिटे. त्यात गणिताचे 50 प्रश्न प्रत्येकी 3 गुणांचे, म्हणजे अर्धी परीक्षा गणितच. उरलेल्या गुणांत बुद्धिमत्ता, भाषा आणि सामान्य ज्ञान यांचे प्रत्येकी 25 प्रश्न, 2 गुणांचे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते, ही आमच्यासारख्या मराठी माध्यमाच्या घरांची मोठी सोय आहे. प्रत्येक विषयात किमान 25 टक्के आणि एकूण 40 टक्के गुण मिळाले की मूल पात्र ठरते. मात्र पात्र ठरणे आणि निवड होणे यांत फार मोठे अंतर असते, कारण जागा थोड्या आणि पात्र मुले कितीतरी. हे अंतर घरातल्या कोणालाच नीट दिसत नसते. आपला मुलगा हुशार आहे, एवढेच दिसते.

आमच्या दिवसाची आखणी मीच केली. पहाटे साडेचारला उठणे, साडेसहापर्यंत गणित, मग शाळा, शाळेतून परस्पर पोवई नाक्याकडच्या खासगी वर्गाला, रात्री आठला घरी, जेवण, आणि दहापर्यंत बुद्धिमत्तेचे प्रश्न. रविवारी सकाळी घरी पूर्ण 150 मिनिटांची सराव प्रश्नपत्रिका. त्याची उत्तरपत्रिकाही मी खऱ्या परीक्षेसारखी, गोळे रंगवायची आणली होती. एका दुकानातून तिच्या शंभर प्रती काढून घेतल्या होत्या. दुपारी मी फळीवरून उत्तरांची पाने काढायची, तपासायची, आणि एकूण गुण स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकोनात लाल शाईने लिहायची. सासूबाई सुरुवातीलाच म्हणाल्या होत्या, ‘‘अगं, एवढ्या पहाटे तर आमच्यात गाई-म्हशींची धार काढायला उठायचे.’’ मी त्यांना उत्तर दिले नाही. माझ्या वडिलांनी मात्र पाठ थोपटली. ‘‘पळवल्याशिवाय दम वाढत नाही,’’ असे ते म्हणाले. मुलगा उठत होता, करत होता, उलट बोलत नव्हता. आणि मुलगा उलट बोलत नाही याचा अर्थ त्याला झेपते आहे, असा मी काढला. वर्गात चाळीस मुले हाताळणाऱ्या बाईने असा अर्थ काढावा, याचे मला आज दुःख होते, कारण गप्प बसणाऱ्या मुलाकडे आधी बघायचे असते हे मी नव्या शिक्षकांना स्वतः सांगत आले आहे.

7 नोव्हेंबरला आमच्या शाळेत विद्यार्थी दिवस साजरा होतो. 1900 साली त्या तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव सातारच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये दाखल झाले, म्हणून हा दिवस. त्या दिवशी मुलांना मी दर वर्षी एक प्रसंग सांगते, जो साताऱ्यातला नाही, पुढे मुंबईला परळच्या चाळीतल्या एका खोलीतला आहे. खोली एवढी लहान की साऱ्यांनी एकदम झोपणे आणि कोणी अभ्यास करणे शक्य नव्हते. म्हणून वडील रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवत आणि स्वतः त्याच्या जागी आडवे होत. बाबासाहेब मग दिव्याच्या उजेडात वाचत बसत. त्या वर्षी हा प्रसंग मी शाळेत सांगितला आणि संध्याकाळी घरी आल्यावर मुलालाही ऐकवला. ‘‘तुला तर साडेचारलाच उठवते मी,’’ असे वर म्हणाले. तो मान हलवून पुस्तकाकडे वळला. रामजी सुभेदार मुलाला उठवण्याआधी स्वतः रात्रीचे दोन वाजेपर्यंत जागे राहत होते आणि पोराच्या पुस्तकांसाठी त्यांनी लेकींचे दागिने गहाण ठेवले होते, यातला बापाचा वाटा मी इतकी वर्षे मुलांना सांगत होते, पण ऐकत नव्हते. मी साडेचारला मुलाला उठवून पाचला पुन्हा पडत असे.

चार दिवसांवर दिवाळी होती. आमच्या मुलाला किल्ल्याचे वेड. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहणाऱ्या पोरांना ते असतेच. गोडोलीत प्रत्येक दारासमोर किल्ला होतो, आणि आमचा मुलगा तर सहामाही परीक्षा संपताच पोत्यातून लाल माती आणून ठेवणारा. त्या वर्षी मी सांगितले की किल्ला पुढच्या वर्षी, या वर्षी नको, चार दिवस त्यात जातात. त्याने हट्ट केला नाही. नरकचतुर्दशीच्या सकाळी मी पाहिले, तर त्याने पेटीतले मावळे बाहेर काढून खिडकीच्या चौकटीवर ओळीने उभे केले होते, महाराजांना मध्ये ठेवले होते, आणि त्यांच्यासमोर बसून तो अपूर्णांकांची उदाहरणे सोडवत होता. माझ्या पतींनी ते पाहिले आणि ते काही न बोलता बाहेर निघून गेले. मी तेव्हा त्यांच्यावर रागावले, की मुलाचे मन हलके करणारे तुम्ही आणि वाईटपणा घेणारी मी.

सुट्टीनंतर खासगी वर्गाने सुचवले की आता शेवटचे दोन महिने मुलाची शाळा बंद ठेवावी आणि त्याला दिवसभराच्या तुकडीत पाठवावे. बहुतेक पालक तयार झाले होते. मीही झाले. गावात फिरून आयाबापांच्या हाता-पाया पडून मुलांना शाळेत पाठवायला सांगणारी मी, स्वतःच्या मुलाच्या वर्गशिक्षिकेला त्याला बरे नसल्याचे खोटे कळवत होते. माझ्याच पेशातल्या त्या बाईंनी एकदाच विचारले, ‘‘खरंच आजारी आहे का?’’ आणि मी ‘हो’ म्हणाले. हे लिहिताना माझा हात अडखळतो आहे, पण हा प्रसंग गाळून बाकीचे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

या काळात एक गोष्ट मला खटकत होती. वर्गातल्या सराव परीक्षेत त्याला 180 ते 195 गुण पडत आणि घरच्या रविवारच्या परीक्षेत 240 च्या पुढे. मी वर्गालाच दोष दिला. तिथे गोंगाट असेल, बाक नीट नसतील, प्रश्न मुद्दाम अवघड काढत असतील. घरचे आकडे दिनदर्शिकेत होते, माझ्या डोळ्यांसमोर होते, ते मला हवे होते. म्हणून मी ते खरे मानले.

डिसेंबरचा पहिला रविवार होता. तपासताना मी एका प्रश्नाशी थांबले. आयताकृती बागेची लांबी 45 मीटर आणि रुंदी 30 मीटर, तर परिमिती किती, असा साधा प्रश्न. उत्तर 150. आमच्या सूचीत मात्र छापताना चूक झाली होती आणि 1350 चा पर्याय दिला होता, जे क्षेत्रफळ आहे. मुलाने 1350 चा गोळा रंगवला होता. परिमिती त्याला झोपेतसुद्धा चुकली नसती. मग मी कच्च्या कामाची पाने उलटली. तीन-तीन गुणांची, चार-चार पायऱ्यांची उदाहरणे बरोबर होती आणि त्यांच्यासाठी कागदावर एक रेघही ओढलेली नव्हती. वर्गात कॉपी अशीच पकडली जाते. दोन मुलांचे बरोबर उत्तर सारखे असले तर शिक्षक काही म्हणत नाही. चूक सारखी असली की तो मान वर करतो. मी फळीजवळ गेले. पानांच्या गठ्ठ्याची गाठ सैल होती, आणि ती मी बांधलेली गाठ नव्हती, बुटाच्या नाडीची गाठ होती; मुलगा तशीच बांधतो.

पहिली भावना रागाची होती, हे मी कबूल करते. दुसरी लाजेची, की शिक्षिकेचा मुलगा. मी गॅसपाशी बराच वेळ उभी राहिले. नंतर त्याला हाक मारली, तोच प्रश्न कोऱ्या कागदावर लिहून दिला आणि सोडवायला सांगितले. त्याने तोंडीच सांगितले, ‘‘दीडशे.’’ मी उत्तरपत्रिका पुढे ठेवली. त्याने ती पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि त्याच्या लक्षात आले. तो मोठ्याने रडला नाही. डोळ्यांतून पाणी येत होते आणि तो उभाच होता, प्रार्थनेला उभा राहतो तसा, हात शरीराला चिकटवून.

‘‘मी तुला कधी मारलंय का रे?’’ मी विचारले. ‘‘मग असं का केलंस?’’

‘‘नाही मारलंस,’’ तो म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, ‘‘दोनशेच्या खाली आले की तू जेवताना बोलत नाहीस.’’

मला हे ठाऊक नव्हते. मी मुलावर हात उचलत नाही, त्याला टाकून बोलत नाही, इतर मुलांशी त्याची तुलना करत नाही, याचा मला अभिमान होता, आणि पालकसभेत मी पालकांना हेच तीन नियम सांगत असे. पण रविवारी दुपारी लाल शाईने आकडा लिहून झाला की रात्री ताटावर बसल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, हे पतींना माहीत होते, सासूबाईंना माहीत होते, आणि त्या पोराने तर त्याचा हिशोबच मांडला होता. दोनशे ही रेषा मी कधीच सांगितली नव्हती. ती त्याने माझ्या चेहऱ्यावरून मोजून काढली होती. ज्या मुलाला आकृत्यांच्या मालिकेतले पुढचे पद शोधायला मीच शिकवले होते, त्याने माझ्या गप्प राहण्यातली मालिका ओळखली होती.

त्या रात्री झोप आली नाही. पालातल्या मुलांच्या, खुरपायला जाणाऱ्या आईच्या मुलीच्या मागे मी एवढी लागत होते, पण त्यांच्यापैकी कोणी माझ्यापासून चूक कधी लपवली नव्हती. ती मुलगी तर वही घेऊन धावत येई आणि म्हणे, ‘‘बाई, हे परत चुकलं.’’ तिची चूक बघून मला वाटे, बरे झाले, सापडली. उद्या यावरच शिकवू. माझ्या मुलाची चूक बघून मला वाटे, हा असा कसा चुकतो. चूक तीच, भागाकाराची किंवा एककांची. पण वर्गात ती माझ्या कामाला लागत होती आणि घरी ती मला लागत होती. मी त्या मुलीला काही कमी रेटले नव्हते, कदाचित माझ्या मुलापेक्षा जास्तच रेटले असेल. तिला मात्र चुकून दाखवायला जागा होती. मुलावर किती जोर लावावा, याचे माप पहाटे किती वाजता उठवले किंवा किती उदाहरणे करून घेतली यात मी शोधत होते. माझ्यासमोर त्याचे खरे माप हे होते, की माझे मूल माझ्यापासून उत्तर चोरायला लागले होते. जोर त्याच्या कितीतरी आधीच जास्त झाला होता.

सकाळी मी पतींना सगळे सांगितले. ते म्हणाले, परीक्षाच सोडून देऊ. मी त्यावर तयार झाले नाही, आणि आजही मला वाटते की तसे केले असते तर मुलाने त्याचा अर्थ शिक्षा असाच घेतला असता, की मी चोरी केली म्हणून यांनी माझ्यावरचा भरवसा काढून घेतला. आम्ही त्यालाच विचारले, आणि या वेळी खरोखर विचारले. विचारून झाल्यावर मी दुसऱ्या खोलीत गेले, म्हणजे त्याला माझा चेहरा दिसणार नाही. त्याने वडिलांना सांगितले की परीक्षा द्यायची आहे, पण शाळेत जायचे आहे, कारण शाळेत खो-खोचे सामने सुरू झाले होते.

सोमवारी मी त्याच्या वर्गशिक्षिकेला भेटले आणि खरे काय ते सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, एवढेच म्हणाल्या, ‘‘उद्यापासून पाठवा.’’ दिवसभराची तुकडी बंद केली, संध्याकाळचा वर्ग ठेवला. उठण्याची वेळ सहा झाली. उत्तरांची पाने फळीवरून काढून चिकटपट्टीने पुस्तकांना परत जोडली. रविवारची परीक्षा चालू राहिली, पण ती तो स्वतः तपासू लागला आणि एकूण गुण मला सांगायचे नाहीत, फक्त चुकलेले प्रश्न एका वहीत उतरवून आणायचे, असे ठरले. दिनदर्शिकेवर लाल आकडा नाही. त्या वहीतल्या चुकांपैकी रोज पाच आम्ही दोघे मिळून बघायचो आणि ते पाच पुरे झाल्याशिवाय मी त्याला खेळायला सोडत नसे. तिथे मी ढिली झाले नाही. तीसपर्यंतचे पाढे त्याला कंटाळवाणे वाटत, तरी ते रोज म्हणून घेतले. कंटाळा आला म्हणून पाढे सोडणे आणि आई गप्प होईल म्हणून उत्तर चोरणे या एका जातीच्या गोष्टी नाहीत.

हे सारे सरळ झाले असे नाही. दोन-तीन रविवारी वहीत तीसपेक्षा जास्त चुका उतरलेल्या पाहून माझे मन बसले, आणि जेवताना माझे मलाच कळले नाही. एकदा त्यानेच पोळीचा तुकडा हातात धरून म्हटले, ‘‘आई, तू गप्प झालीस.’’ सासूबाईंनी मान खाली घातली. मी म्हणाले, ‘‘हो रे, झाले खरी,’’ आणि दिवसभरात आमच्या शाळेत काय झाले ते सांगायला लागले. आवाज जमत नव्हता, पण सांगत राहिले.

जानेवारी आला तशी परीक्षांची रांग लागली. 20 तारखेला नवोदयची, 28 तारखेला सैनिक स्कूलची, आणि फेब्रुवारीत पाचवीची शिष्यवृत्ती. दहा वर्षांच्या मुलासमोर महिन्याभरात तीन परीक्षा उभ्या राहिल्या आणि तीनही ठिकाणी तेच तेच चेहरे भेटले. 28 जानेवारीला रविवारी दुपारी दोनला प्रश्नपत्रिका होती. केंद्राबाहेर माण, खटाव, जावळीकडून आलेल्या गाड्या होत्या. झाडाखाली सतरंज्या टाकून बाया बसल्या होत्या. एक वडील मुलाच्या कानात फाटकापर्यंत सूत्रे म्हणत होते आणि ते पोर पाण्याची बाटली छातीशी धरून नुसते पुढे बघत होते. मला त्या माणसाला काहीतरी सांगावेसे वाटले. पण दोन महिन्यांपूर्वी मला कोणी सांगितले असते तर मी ऐकले असते का? आमच्या मुलाला मी एवढेच सांगितले की गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोळा कोरा ठेवू नकोस.

साडेचारनंतर तो बाहेर आला. त्याला मागे बसवून गाडी पोवई नाक्याला वळवली, तोच तो माझ्या खांद्यावरून पुढे वाकून बोलू लागला, ‘‘आई, नफा-तोट्याचा एक चुकला. मी शेकडा विक्रीवर काढला, खरेदीवर काढायचा होता. आणि घड्याळाचा एक. आणि एक बरोबर होता तो मी बदलला.’’ मी काही विचारले नव्हते. सिग्नलला थांबल्यावर मी मान वळवून त्याच्याकडे पाहिले, तर तो तिसऱ्या प्रश्नातल्या आकड्यांची बोटांवर जुळणी करत होता. आम्ही राजवाड्यावर जाऊन भेळ खाल्ली आणि भेळेच्या कागदावर त्याने ते घड्याळाचे उदाहरण मला करून दाखवले.

निकाल मार्चमध्ये आला. त्याला 300 पैकी 213 गुण होते. प्रत्येक विषयात तो पात्र होता आणि निवड यादीत त्याचे नाव नव्हते. नवोदयलाही झाले नाही. शिष्यवृत्तीत पात्र ठरला. मी दोन दिवस रडले, ते लपवण्यासारखे नाही. ओढ खरी होती, म्हणून दुःखही खरे होते. माझे वडील आले, नातवाला जवळ घेतले आणि बराच वेळ बाहेरच्या पायरीवर बसून राहिले. मुलगा पहिल्या संध्याकाळी खेळायला गेला नाही, दुसऱ्या संध्याकाळी गेला.

मग एक सूचना आली, जी आमच्याकडे प्रत्येक घरात येते. 31 मार्चला मूल 10 ते 12 वर्षांचे असावे अशी अट आहे. आमचा मुलगा पुढच्या वर्षीही वयात बसत होता. एक वर्ष मागे ठेवायचे आणि सहावीच्या प्रवेशासाठी पुन्हा बसवायचे, असे करणारे पालक आमच्या ओळखीत होते, आणि ‘‘तेरा-चौदाशे तासांचा अभ्यास झालाय, तो वाया कशाला घालवता?’’ असे मला एका हितचिंतकाने अगदी मनापासून सांगितले. माझ्या वडिलांचाही तोच कल होता. मी डगमगले. पतींनी मुलाला फिरायला नेले, ते दोघे टेकडीवरच्या ‘चार भिंती’ या स्मारकापर्यंत चढून गेले आणि अंधार पडल्यावर परत आले. मुलाने आल्या आल्या सांगितले, ‘‘मला सहावीत जायचंय, माझ्या वर्गाबरोबर.’’ माझे वडील म्हणाले, ‘‘जाऊ दे मग.’’ त्या वर्षीच्या दिवाळीत त्याने दारासमोर किल्ला केला. बुरूज दोनदा ढासळला, कारण मातीत पाणी जास्त झाले होते.

आज तो सातवीत आहे. सैनिक स्कूलला नववीलाही प्रवेश असतो, ती परीक्षा 400 गुणांची आणि इंग्रजीतून, हे त्याला माहीत आहे. त्याने अजून काही ठरवलेले नाही आणि मी अजून विचारलेले नाही. विचारण्याची वेळ पुढच्या वर्षी येईल. चुकांची वही मात्र राहिली आहे, आता ती चौथी वही आहे. पुस्तकांना उत्तरांची पाने असतात. काल रात्री मी भाकऱ्या थापत होते, तो ओट्याशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘आज अकरा चुकले. त्यातले आठ मला कळलेत, तीन नाही.’’ मी म्हणाले, ‘‘वाच पहिला,’’ आणि तो वाचू लागला.